टॅक्टिकल बेल्ट पहिल्यांदाच बांधताना: ट्रेनिंग आणि ड्युटीसाठी क्रमवार मार्गदर्शन

त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी, देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडच्या नोटप्रेसवरचा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधले सुरक्षारक्षक आणि २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तयारीला लागलेले स्वयंसेवक, असे कमरेला सामान बांधून उभे राहणारे लोक नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. त्यातले नवे लोक बहुधा उलट्या क्रमाने सुरुवात करतात. आधी ऑनलाइन दिसलेला आठ पाऊचांचा सेट मागवतात, मग तो अडकवायला पट्टा घेतात आणि शेवटी यातले नेमके काय लागणार आहे याचा विचार करतात. खरा क्रम काम, शरीर, पट्टा आणि मग पाऊच असा आहे. हा लेख त्याच क्रमाने जातो.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. जे सेवेत आहेत त्यांच्यासाठी विभागाने दिलेला पट्टा, गणवेशाचे नियम आणि वरिष्ठांचा आदेश हेच अंतिम आहेत. इथे लिहिलेले त्या चौकटीत बसत असेल तेवढेच घ्यावे.

आधी काम ठरवा

एक कोरा कागद घ्या आणि आपल्या कामात हाताला काय काय लागते ते लिहून काढा. त्यातल्या कोणत्या वस्तू न बघता, एका हाताने आणि तत्काळ मिळायला हव्यात, कोणत्या अर्ध्या मिनिटाने मिळाल्या तरी चालतील आणि कोणत्या पाठीवरच्या बॅगेत ठेवता येतील, असे तीन भाग पाडा. पट्ट्यावर पहिला भाग पूर्ण जातो, दुसऱ्यातले थोडे जाते आणि तिसऱ्यातले काहीही जात नाही. ही वर्गवारी कठोरपणे केली की बहुतेकांच्या लक्षात येते की पाच-सहा वस्तूंच्या पुढे पट्ट्यावर न्यावे असे फारसे काही उरत नाही.

फायरिंग रेंजवर शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचे म्यान, दोन मॅगझिन म्हणजे गोळ्या भरलेल्या पेट्या, आणि रक्तस्राव थांबवण्याचे साहित्य पुरते. कारखान्याच्या गेटवरच्या रक्षकाच्या पट्ट्यावर सहसा शस्त्र नसते. त्याला टॉर्च, वॉकी-टॉकी, शिट्टी, हातमोजे आणि किल्ल्यांचा हूक लागतो. गोदाघाटावर गर्दीचे नियोजन करणाऱ्या किंवा हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे बचावकार्याला जाणाऱ्या स्वयंसेवकाला वॉकी-टॉकी, टॉर्च, हातमोजे, कपडे कापण्याची बोथट टोकाची कात्री आणि प्रथमोपचाराचा पाऊच हवा. या तिघांनी एकमेकांचा पट्टा बघून आपला बांधू नये. परदेशी व्हिडिओंतले पट्टे तर बहुधा रायफल आणि पिस्तूल दोन्ही घेऊन धावणाऱ्या माणसासाठी रचलेले असतात.

कायद्याबद्दल थोडक्यात. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही, हे उघड आहे. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सैनिकासारखा पोशाख करणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. म्हणून खासगी रक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी लष्करी छापाचा पट्टा टाळून काळा, करडा किंवा संस्थेने ठरवलेला रंग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सणवार आणि मोर्चांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत पट्ट्याला सुरा किंवा दंडुका लटकवून शहरात फिरणे अंगाशी येऊ शकते.

पट्टा कसा निवडावा

आज प्रचारात असलेली पद्धत दुहेरी पट्ट्याची आहे. आतला पातळ पट्टा, साधारण ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंच रुंदीचा, पॅन्टच्या लूपमधून जातो. बाहेरचा, ४४ ते ५० मिलिमीटरचा कडक पट्टा त्याच्यावर वेल्क्रोने चिकटतो आणि सगळे सामान त्याच्यावर असते. याचा फायदा असा की चहाच्या सुट्टीत किंवा ड्युटी संपल्यावर सामानासकट बाहेरचा पट्टा एका झटक्यात काढता येतो आणि पुन्हा बांधल्यावर प्रत्येक वस्तू होती तिथेच येते. मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पट्टे एकत्र करताना वेल्क्रोच्या बाजू तपासून घ्या, कारण दोन्हीकडे मऊ बाजू आली तर ते एकमेकांना धरतच नाहीत. पॅन्ट शिंप्याकडून शिवून घेत असाल तर लूप रुंद, दुहेरी शिलाईचे आणि नेहमीपेक्षा एक-दोन जास्त ठेवायला सांगा. रेडिमेड पॅन्टचे लूप भरलेल्या पट्ट्याच्या ओढीने उसवतात.

जुन्या पद्धतीचा सुमारे ५७ मिलिमीटर रुंदीचा चामडी ड्युटी बेल्ट अजूनही बऱ्याच ठिकाणी वापरतात. तो कीपरने, म्हणजे बटणाच्या छोट्या पट्ट्यांनी, आतल्या पट्ट्याला बांधतात. तो वाईट नाही, परंतु नाशिकच्या पावसात त्याची निगा राखणे कष्टाचे आहे.

कडकपणा तपासायला पट्टा आडवा धरून उभ्या दिशेने पिळून बघा. जो सहज पिळतो तो भरलेल्या होल्स्टरच्या वजनाने बाहेरच्या बाजूला कलणार आणि मग पिस्तूल काढताना आधी पट्टा वर ओढला जाणार, त्यानंतर पिस्तूल हलणार. बकल धातूचे, दोन्ही बाजू एकत्र दाबल्याशिवाय न उघडणारे असावे. ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रियाल्पिन कंपनीचे कोब्रा बकल याच कारणाने प्रसिद्ध आहे आणि तितक्याच प्रमाणात त्याच्या नकला होतात. बकलावर कुठलाही शिक्का नसेल आणि पूर्ण पट्टाच अस्सल बकलापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर त्यावर दोरावरच्या कामात जीव टांगू नये. मुळात हे पट्टे गिर्यारोहणाच्या हार्नेसची जागा घेत नाहीत. हरिहरच्या पायऱ्यांवर जाणाऱ्या उत्साही मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

माप घेताना पॅन्टचा नंबर उपयोगाचा नाही. कामाचे कपडे घालून, शर्ट खोचून, आतला पट्टा बांधून त्याच्यावरून टेप फिरवा आणि तो आकडा विक्रेत्याला सांगा. पट्टा लहानमोठा करण्याच्या मर्यादेत आपले माप मधोमध यावे, म्हणजे थंडीत जर्सी आली तरी तो पुरतो आणि उन्हाळ्यात लोंबत नाही.

कोणती वस्तू कुठे

जागा सांगण्यासाठी घड्याळाची पद्धत सोयीची आहे. बकल म्हणजे बारा, उजवा खुबा म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा आणि डावा खुबा म्हणजे नऊ. पुढचे वर्णन उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ते आरशात बघितल्यासारखे उलटे करावे.

होल्स्टर तीनवर येते. हात सहज खाली सोडल्यावर मनगट जिथे येते तिथे पकड आली पाहिजे. खांदा उचलावा लागत असेल तर होल्स्टर फार वर आहे, आणि कमरेतून वाकावे लागत असेल तर फार खाली. अंगावर जाड जाकीट किंवा चिलखत असेल तर होल्स्टर थोडे खाली आणणारा जोड आणि मांडीचा एक पट्टा लागतो, पण गुडघ्याकडे लोंबणारे होल्स्टर धावताना प्रत्येक पावलाला आपटते आणि दमवते. होल्स्टर त्या विशिष्ट पिस्तुलासाठीच बनवलेले असावे. सगळ्या पिस्तुलांना चालणारे म्हणून विकले जाणारे मऊ कापडी होल्स्टर मी नवख्या माणसाला कधीच सुचवणार नाही, कारण ते रिकामे झाल्यावर तोंड मिटते आणि पिस्तूल परत ठेवताना कापडाची घडी ट्रिगरपाशी शिरू शकते. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचे कडे, पूर्ण झाकलेला असणे आणि पिस्तूल काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडे राहणे, या दोन अटींना पर्याय नाही.

पिस्तूल कोणी हिसकावू नये म्हणून होल्स्टरला असलेल्या कुलपाचा विचार नाशिकच्या संदर्भात जास्त महत्त्वाचा आहे. रामकुंडावर किंवा रविवार कारंज्याच्या गर्दीत चारही बाजूंनी माणसे खेटून जात असतात. तिथे केवळ घट्टपणावर पिस्तूल धरणारे, स्पर्धेसाठीचे होल्स्टर चालत नाही. अंगठ्याने मुद्दाम उघडावे लागेल असे निदान एक कुलूप हवे आणि ड्युटीसाठी दोन असलेली बरी. जाहिरातीत लेव्हल दोन, लेव्हल तीन असे लिहिलेले असते, परंतु लेव्हल मोजण्याची पद्धत सर्व कंपन्यांची सारखी नसते. म्हणून कुलपे किती आणि ती कोणत्या हालचालीने उघडतात, हे हातात घेऊन बघावे. विभागाची पिस्तुलाची डोरी असेल तर ती लावूनच सराव करा, नाहीतर ऐन वेळी ती मॅग पाऊचमध्ये अडकते.

मॅगझिन डाव्या बाजूला, साधारण साडेनऊ ते अकराच्या दरम्यान येतात. गोळ्यांची टोके बकलाच्या दिशेला ठेवा. मग डावा हात मॅगझिनवर गेल्यावर तर्जनी आपोआप पुढच्या कडेवर टेकते आणि तेच बोट मॅगझिनला पिस्तुलाच्या मुठीत घेऊन जाते. बकलाच्या सर्वात जवळचे मॅगझिन नेहमी आधी वापरायचे. रायफलच्या मॅगझिनचा पाऊच घेताना मापाची खात्री करा. बाजारातले बरेच पाऊच अमेरिकी पद्धतीच्या तीस गोळ्यांच्या मॅगझिनसाठी असतात आणि इन्सासचे मॅगझिन त्यात नीट बसेलच असे नाही. एक मॅगझिन सोबत नेऊन, पाऊच उलटा करून हलवून बघणे ही दुकानातली सर्वात चांगली परीक्षा आहे.

टुर्निकेट, म्हणजे हातापायातून जोरात रक्त जात असताना जखमेच्या वर आवळायचा पट्टा, हा दोन्हीपैकी कोणत्याही हाताला मिळेल अशा जागीच हवा, कारण कोणता हात जायबंदी होईल हे आधी ठरत नाही. बकलाच्या जवळ, अकरा किंवा एकवर, तो आडवा बांधणे मला योग्य वाटते. तो जखमेपासून पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून आवळतात आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवतात. मात्र हे वाचून येणारे कौशल्य नाही, प्रशिक्षकाकडून शिकून घ्यावे. सरावाचा टुर्निकेट वेगळा ठेवा व त्यावर ठळक खूण करा. वारंवार पिळलेला टुर्निकेट खऱ्या प्रसंगी वापरू नये. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या नकली टुर्निकेटची पिळायची दांडी पूर्ण दाब येण्याआधीच वाकते किंवा तुटते, म्हणून पट्ट्यावरच्या सगळ्या वस्तूंत काटकसर करू नये अशी हीच एक वस्तू आहे.

प्रथमोपचाराचा बाकीचा पाऊच मागे पाच किंवा सातकडे जातो. सहावर, ऐन कण्यावर, काहीही कठीण नको. हातकडी, टॉर्च, वॉकी-टॉकी तर मुळीच नको. घाटाच्या ओल्या पायरीवरून पाय घसरून माणूस पाठीवर पडतो, तेव्हा ती वस्तू आणि दगड यांच्यामध्ये कणाच असतो. पाऊच मऊ आणि चपटा असावा, आणि आतला भाग एका हाताने ओढून पुढे घेता येईल अशा प्रकारचा मिळाल्यास उत्तम.

टॉर्च डाव्या हाताला मिळेल अशा जागी ठेवा, म्हणजे उजवा मोकळा राहतो. वॉकी-टॉकी पट्ट्यावरच ठेवायचा असेल तर तो आठकडे जातो आणि त्याची वायर बाहेर लोंबू न देता पाठीकडून वर घ्यावी लागते. रिकामी मॅगझिन टाकायची घडीची पिशवीही तिथेच, गुंडाळलेल्या अवस्थेत. बकलाच्या दोन्ही बाजूंना मात्र तळहाताएवढी जागा पूर्ण मोकळी ठेवा. टुर्निकेट आडवा आणि चपटा असेल तर तेवढाच अपवाद. तिथे मॅग पाऊच आले की वाकताना त्यांची टोके पोटात आणि जांघेत घुसतात.

पाऊच ओवणे

बहुतेक पट्ट्यांवर मोले पद्धतीच्या आडव्या पट्ट्या किंवा कापलेल्या खाचा असतात. या पट्ट्या २५ मिलिमीटर रुंद असतात आणि दर ३८ मिलिमीटरला शिवलेल्या असतात. पाऊचमागची उभी जीभ एकदा बेल्टच्या पट्टीखालून, मग पाऊचच्या स्वतःच्या पट्टीखालून, पुन्हा बेल्टच्या पट्टीखालून अशी विणत न्यायची. नवा माणूस ती सरळ बेल्टच्या सर्व पट्ट्यांखालून ओढतो आणि बटण लावून मोकळा होतो. पाऊच दिसायला बसलेला असतो, पण धावताना खालचे टोक अंगापासून सुटून डुलत राहते. नीट विणलेल्या पाऊचला वरून आणि खालून ओढले तरी तो पट्ट्यापासून बोटभरही सुटत नाही. नव्या नायलॉनमध्ये जीभ घट्ट जाते. तिथे बोथट स्क्रूड्रायव्हर किंवा चमच्याचा दांडा वापरा, पक्कड लावून शिलाई फाडू नका.

बसून, वाकून, गाडीवरून बघा

आरशासमोर उभे राहून पट्टा नेहमी चांगलाच दिसतो. सामान भरून, शस्त्र असल्यास रिकामे करून, तो घरात तासभर बांधून ठेवा. जमिनीवर मांडी घाला, उकिडवे बसा, पोटावर झोपा, जिना चढा, दुचाकीवर बसून किक मारून बघा. मागे बसणाऱ्याच्या पोटात पाऊच टोचत असेल तर तो सरकवा.

चारचाकीबद्दल परदेशी मार्गदर्शकांत एक सल्ला हमखास असतो. चालकाने होल्स्टर आणि सीटबेल्टचे कुलूप यांची गाठ पडू देऊ नये, असा तो सल्ला. तो डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांचा आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि सीटबेल्टचे कुलूप त्याच्या डाव्या खुब्याशी येते, म्हणजे चालकाला अडतो तो आठ-नऊवरचा वॉकी-टॉकी. होल्स्टरची अडचण होते ती पुढे डावीकडे बसणाऱ्याला, आणि पोलिसांच्या गाडीत ती जागा बहुधा अधिकाऱ्याची असते. आपण रोज कुठल्या सीटवर बसतो हे लक्षात घेऊन तेवढी एक-दोन खाचांची जागा मोकळी सोडा. गाडीतून उतरताना सीटबेल्ट मॅगझिनखाली अडकतो का, हेही दोन-तीनदा उतरून तपासा.

यानंतर कोरडा सराव. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, समोर भक्कम भिंत असावी. पकड, कुलूप उघडणे, सरळ वर उचलणे, नळी समोर वळवणे, एवढी हालचाल सावकाश करावी. वेग मागून येतो, आणि तो पट्ट्याची जागा रोज बदलणाऱ्याला येत नाही. पिस्तूल परत ठेवताना मात्र घाई करण्याचे कारणच नाही. होल्स्टरच्या तोंडाकडे बघून, शर्टाचे टोक आणि जाकिटाची दोरी बाजूला आहे याची खात्री करून, बोट ट्रिगरपासून दूर ठेवून ते आत सोडावे.

वजन

भरलेले ग्लॉक १७ पिस्तूल सुमारे ९०० ग्रॅम, भरलेले प्रत्येक मॅगझिन पाव किलोच्या आसपास, हातकडी त्याहून थोडी जड, त्यात वॉकी-टॉकी आणि लिटरभर पाणी घेतले की तीन-चार किलो सहज होतात. हे वजन खुब्याच्या हाडांच्या कडेवर बसले पाहिजे. पोटावर आवळून पेलायचे नाही. आठ-दहा तासांच्या ड्युटीत मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येत असतील, आग होत असेल किंवा बधिरपणा वाटत असेल, तर कमरेजवळून जाणारी नस पट्ट्याखाली दबते आहे असे समजावे. पट्टा सैल करावा, सामान कमी करावे, आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

वजन खांद्यावर वाटून घ्यायची युक्ती जुनीच आहे. सॅम ब्राउन हा ब्रिटिश अधिकारी १८५८ मध्ये भारतातल्याच एका लढाईत डावा हात गमावून बसला आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा, खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा त्यातून पुढे आला. तोच क्रॉस बेल्ट आजही समारंभाच्या गणवेशात दिसतो. समारंभात तो शोभेला असला तरी मुळात त्याचे काम कमरेवरचा भार उचलून धरणे हेच होते. आजचे जाळीदार सस्पेंडर हेच काम दोन्ही खांद्यांवरून करतात, आणि तीन किलोच्या पुढे गेलात तर ते जरूर घ्यावेत.

पाऊस आणि निगा

शहरात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबक-इगतपुरीकडे दिवसभर कोसळत असतो, हे नाशिककरांना सांगायला नको. नायलॉनचा पट्टा भिजला तर साध्या पाण्याने चिखल धुवून सावलीत वाळवावा. कडक उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नये, विशेषतः टुर्निकेट, कारण ऊन आणि उष्णतेने त्याचे प्लास्टिक ठिसूळ होते. वेल्क्रोत अडकलेला चिखल आणि धागे जुन्या टूथब्रशने काढा. चामडी होल्स्टर भिजले असेल तर त्यात पिस्तूल रात्रभर ठेवू नये, गंज हमखास धरतो. होल्स्टरचे स्क्रू धावपळीने सैल होतात. त्यांना निळे थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावून, डोक्यावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवली की ते फिरले का हे लगेच कळते.

प्रथमोपचाराच्या पाऊचमधली पट्टीची पाकिटे ओल लागून सुटली का आणि त्यांच्यावरची मुदत संपली का, हे दर महिन्याला बघा. पावसाळ्यात दर आठवड्याला.